मुनग्याखालची उलटी टोपली

कौतिकाबाईंचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. एकदा माझ्या हातून हे उलटं झालं होतं. बाकीचं आधी बोलून बसले आणि त्यात त्यांचं नाव नको तसं घेतलं. म्हणून आज लिहायला बसल्यावर पहिली ओळ त्यांची.

त्यांची एक सवय होती. कुठलीही वस्तू डोळ्यांनी पाहून, हाताच्या उलट्या बाजूनं चाचपून झाल्याशिवाय त्या तिच्याविषयी अवाक्षर काढत नसत. आणि चाचपायला नेहमी उलटाच हात. जन्मभर बिड्या वळलेल्या. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, आणि बोटं चाललेली. त्या बोटांची टोकं तपकिरी पडून टणक झाली होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बोटं तंबाखूनं मेले वं. उलटा हात जित्ता हाये."

आमची पहिली भेट न्हाणीत झाली. लग्न होऊन मी नागपुरात आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठावर. सहावी झाली आणि शाळा सुटली, कारण धाकटी चौघं सांभाळायची होती. त्यानंतर गावाबाहेर पडले ती एकदम दोन दिवसांचा प्रवास करून इथं. हे रेल्वेत, मालगाडीवर. गेले की तिसऱ्या दिवशी परत. हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा शेतंच जास्त, मधूनमधून पाडलेले प्लॉट. त्यातल्या एका ले-आऊटमध्ये आमचं भाड्याचं घर. मागे अंगण, अंगणात मुनग्याचं झाड. आम्ही ज्याला शेवगा म्हणायचो तेच. मग बेशरमीच्या झुडपांचं कुंपण, आणि पलीकडे नाला. नाल्याच्या अलीकडे कौतिकाबाईंची एक खोली. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. मुलगी लग्न होऊन भिवापूरकडे दिलेली. त्या एकट्याच.

त्या सकाळी मी न्हाणीत किंचाळले आणि कुंपणाच्या फटीतून एक उंच, सावळी, साठीची बाई सरळ आत आली.

"काहून वं ओरडून राहिली?"

"विंचू! तिथं, घंगाळामागे!"

"नांगी पायली का?"

"काळा आहे केवढा!"

"रंग नाही इचारला. नांगी पायली का?"

 त्या वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, मग उलट्या हातानं तो विंचू पुढे ढकलला. चिंचेची वाळलेली शेंग होती. त्या हसल्या नाहीत. शेंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पयले पाहून तं घे. भ्याचंच असंन तं मंग भे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढं किती वेळा ऐकलं असेल! मी भित्रीच. दारावर पोस्टमन आला तरी वाटायचं, आई गेली की काय. मी कार्ड न वाचताच हातात धरून रडत बसायचे आणि कुंपणापलीकडून हाक यायची, "वाचलं का? नाही ना? मंग रडून काहून राहिली?" कार्डात भावानं लिहिलेलं असायचं की फणस चांगले धरलेत.

हे नसले की त्या घरात मी आणि भिंती. बोलायला माणूस नाही. बोलले तर माझं कोकणी हेलाचं बोलणं ऐकून नळावरच्या बायका तोंडाला पदर लावत. माझ्याशी नीट बोलणाऱ्या दोघीच. एक कौतिकाबाई, दुसऱ्या शेजारच्या मंदाकाकू. मंदाकाकूंचे यजमान सरकारी कचेरीत. घरात रेडिओ होता. बाई प्रेमळ होत्या, मला लोणचं घालायला त्यांनीच शिकवलं. पण पहिल्याच महिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुलू, ती मागची येते ना, येऊ दे. पण तिचा कप वेगळा ठेवत जा बाई. ते लोक वेगळे."

मी वेगळा ठेवला. कान तुटलेला एक कप होता, तो न्हाणीजवळच्या कोनाड्यात. मला वाटलं, त्यांच्या लक्षात येणार नाही. सगळं पाहून, चाचपून घेणारी बाई! दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप उलटा करून पाहिला, तुटक्या कानावरून उलटा हात फिरवला आणि विचारलं, "हा मायाच हाये ना?" मी "हो" म्हणाले. "बरं," म्हणाल्या, आणि तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवून गेल्या. त्यानंतर आल्या की आधी कोनाड्यातून कप काढून आणायच्या आणि माझ्यापुढे धरायच्या. मला लाज वाटायची. पण मंदाकाकूंना काय वाटेल ही धास्ती त्या लाजेहून मोठी होती.

लग्नानंतरचा दुसरा दसरा झाला. दसऱ्याला कौतिकाबाई दरवर्षी पांढरं लुगडं नेसून दीक्षेच्या मैदानावर जायच्या. दीक्षा झाली त्या दिवशी नवऱ्याबरोबर गर्दीत त्या स्वतः उभ्या होत्या, हे त्या कधी फुशारकीनं सांगत नसत. पण त्या लुगड्याला घडी घालताना त्यांचा हात वेगळाच चाले. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या वेळी, मी चूल पेटवायला उठले आणि खिडकीतून पाहिलं. माझ्या अंगणात, मुनग्याखाली, पांढरं लुगडं. कौतिकाबाई वाकलेल्या, हातात काठी. काठी जमिनीवर टेकवून त्या काहीतरी पाहत होत्या. मग इकडंतिकडं बघून, पाय न वाजवता, कुंपणातून निघून गेल्या.

उजाडल्यावर मी सडा टाकायला बाहेर गेले. मुनग्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर ताटाएवढी जागा नीट थापून, चोपून गुळगुळीत केलेली. भोवतालची माती ऑक्टोबरच्या उन्हानं भेगाळलेली आणि ही तेवढीच ओलसर. कोणीतरी काहीतरी पुरून वरून माती लिंपली होती.

आमच्या गावात उंबऱ्याखाली, गोठ्यात असं पुरलेलं सापडायचं. लिंबू, टाचण्या, केस. ज्याच्या दारात सापडे त्याच्या घरातलं कोणी ना कोणी आजारी पडे, असं मी लहानपणापासून ऐकत आलेली.  हे मालगाडीवर गेलेले. मी घागर घेतली आणि नळावर गेले. पाणी भरायला नाही, माणसांत जायला.

मंदाकाकूंनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं गं?"

आणि मी बोलले. चार बायकांसमोर, मोठ्यानं. "कौतिकाबाईनं माझ्या अंगणात करणी पुरलीय. मी डोळ्यांनी पाहिलं."

डोळ्यांनी मी काय पाहिलं होतं? पांढरं लुगडं आणि काठी. बाकीचं भीतीनं पाहिलं होतं.

दुपारपर्यंत अंगणात पाच-सहा बायका. मंदाकाकूंनी घरून सब्बल, म्हणजे खणायची पहार, आणली होती. "खणून काढायचं आणि नाल्यापलीकडे नेऊन जाळायचं," त्या म्हणाल्या. पहिला घाव कोणी घालायचा, यावर अडलं होतं. कोणालाच हात लावायचा नव्हता. तेवढ्यात कुंपणाची झुडपं हलली आणि कौतिकाबाई आत आल्या. त्यांच्या कानावर गेलं होतंच.

त्या माझ्याकडे आल्या नाहीत, कोणाकडेच पाहिलं नाही. सरळ त्या जागेपाशी उकिडव्या बसल्या. कितीतरी वेळ नुसत्या पाहत होत्या. एक बाई कुजबुजली, "मंतर म्हणून राहिली." मग त्यांनी उलटा हात आधी कोरड्या मातीवर ठेवला, मग त्या थापलेल्या जागेवर. आणि वर बघून म्हणाल्या, "मी करणी मानतच नाही तं करीन कशी वं? आम्ही दीक्षेतच सोडलं ते सारं. हे कासवाचं हाये. अंडे हायेत याच्यात."

मला हसूही येईना. "कासव? इथं कुठला समुद्र आहे?"

"समुद्र मी नाही पायला. कासव पायलं. पहाटे नाल्यातून वर आलं, कुत्रं लागलं होतं त्याच्या मांगं. मी काठी घेऊन कुत्र्याले हाकललं आन ते जाईपर्यंत उभी राहिली. इकडे ये, पाय."

मी जागची हलले नाही. त्या बसल्या बसल्याच दाखवत गेल्या. पुढं कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून मी ते सगळं मनात धरून ठेवलं आहे. घूस बीळ करते तेव्हा माती बाहेर फेकते, ढीग लागतो. इथं चिमूटभरही माती सांडलेली नाही, सगळी परत आत दाबलेली. साप खोदत नाही, दुसऱ्याच्या बिळात शिरतो. मुंगसाचं भोक तिरपं जातं आणि उघडं राहतं. इथं दोन्ही बाजूंना नखांचे बारीक ओरखडे, मागच्या पायांचे, आणि मधला भाग पोटानं घासून सपाट केलेला. माती ओली, कारण कासवीण खोदताना स्वतःचं पाणी सोडून ती मऊ करते. आणि कुंपणाखालून नाल्याकडे धुळीत एक रुंद, घासत गेल्यासारखा माग, दोहो अंगांना पावलांचे खड्डे.

"आन माणसानं पुरलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या, "तं वर पायाचा ठसा आला असता. माणूस माती हातानं नाही दाबत, पायानं दाबते."

दोघीतिघी पुढं होऊन वाकल्या. मंदाकाकूंनी सब्बल टेकवली. "एवढं ठाऊक आहे तर खण ना. अंडी निघाली की तू सुटली. एका मिनिटाचं काम आहे."

मला वाटलं, झालं, मिटलं. कौतिकाबाई मात्र उठून त्या जागेच्या आणि सब्बलीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"नाही खोदणार."

"का बरं?"

त्यांनी सांगितलं ते असं. भिवापूरकडे त्यांचं माहेर, गावाला तलाव. आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांना तलावाच्या पाळीवर अशीच जागा दिसली. मैत्रिणींना खरं वाटेना, म्हणून कौतिकाबाईंनी उकरून दाखवली. गोल, पांढरी अंडी. सगळ्यांनी हातात घेतली, पाहिली, मग होती तशी परत ठेवून माती थापली. कौतिकाबाईंना वाटलं, काही बिघडलं नाही. वर्षभर रोज पाळीवर जायच्या. एकही पिल्लू निघालं नाही. मग वडिलांनी सांगितलं की अंड्याची वरची बाजू वर राहावी लागते, ते फिरलं की आतला जीव मरतो.

"सारे मेले," त्या म्हणाल्या. "मले खरं करून दाखवाचं होतं, म्हणून. तवापासून मी कोनाले खोदून नाही दाखवत. मायं नाव खराब झालं तं झालं. पावसाळ्यात पोट्टे निंगतीन, तवा पाहून घ्या."

"पावसाळ्यात! आठ-नऊ महिने?" मंदाकाकू म्हणाल्या. "वा! तोवर हिनं काय जीव मुठीत धरून बसायचं?"

तेव्हा कौतिकाबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अंगण तुयं हाये. तू सांग. खोदू देतं का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्या जागेकडे पाहिलं. आतून खरंच लिंबू-टाचण्या निघाल्या तर? मला त्या पाहायच्याच नव्हत्या. "नको," मी म्हणाले. "नका खणू."

बायका पांगल्या. मंदाकाकू जाताना म्हणाल्या, "तुझी मर्जी. पण घरात काही झालं तर मग माझ्याकडे येऊ नको." कौतिकाबाई मागं राहिल्या.

"भेवानं म्हटलं का इश्वासानं?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "भीतीनं."

"चालते," त्या म्हणाल्या. "अंड्याले काय फरक पडते."

घरून एक जुनी बांबूची टोपली आणून त्यांनी ती त्या जागेवर उलटी घातली, वर दगड ठेवले, कुत्र्या-मुंगसानं उकरू नये म्हणून. शेणाचा सडा तिथं टाकायचा नाही, पाणी ओतायचं नाही. "पाणी टाकाचं काम आभायाचं हाये, तुयं नाही."

ते आठ-नऊ महिने.  नळावर कौतिकाबाई आल्या की बायका आपापल्या घागरी सरकवून घेत. वस्तीतल्या दोन मुली त्यांच्याकडे बिड्या वळायला शिकायला बसत. त्या यायच्या बंद झाल्या. कोणाचं पोर तापलं की कोणीतरी त्यांच्या खोलीकडे बघे. त्यांना कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, त्यांनी उत्तर तरी दिलं असतं. पूर्वी दारात बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायच्या, "काय गा, इतक्या घाईत कुठं?" तो आवाज ऐकू येईनासा झाला. सूप घेऊन त्या दाराबाहेर बसत, तशा दाराच्या आत बसू लागल्या.

मी एका वाक्यात हे थांबवू शकले असते. "मी त्यांना काही पुरताना पाहिलं नाही." एवढंच वाक्य. नळावर जाताना रोज मी ते घोकत जायचे आणि रोज तसंच परत आणायचे. मला वाटायचं, या चार बायकाही तुटल्या तर मी कोणाशी बोलू? घरी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "जाऊ दे, बायकांचं आहे, विसरतील." कोणी विसरलं नाही.

दर आठवड्याला कौतिकाबाई कुंपणातून यायच्या, टोपलीच्या बाजूनं उकिडव्या बसून जमीन बघायच्या आणि जायच्या. घरात येत नसत. मी दारात उभी राहायचे.

"ठीक आहे ना?" मी विचारायचे.

"मुंग्या नाहीत. म्हणजे फुटले नाहीत. ठीक हाये."

उन्हाळ्यात घरमालक आले, अंगणात गिट्टी टाकून फरशी करायची म्हणाले. त्यांच्यापुढे मी म्हणाले, "पावसाळ्यानंतर करा. तिथं कासवाची अंडी आहेत."  ते माझ्याकडे वेड्यासारखे बघत राहिले आणि हसत निघून गेले. कुंपणापलीकडून आवाज आला, "आज भेली नाही वं?" किती महिन्यांनी ऐकला तो सूर! मी धावत कुंपणाशी गेले, तोवर त्या आत गेल्या होत्या.

मे महिन्याच्या शेवटी त्यांचा जावई आला. मुलीची तब्येत बरी नव्हती, लहान मुलं होती, त्या तिकडेच राहायला जाणार होत्या. मुलीचं कारण खरं होतं. पण वर्षापूर्वी असं बोलावणं आलं असतं तर त्या महिनाभर राहून परत आल्या असत्या, हे मला कळत होतं. आता खोलीच सोडली.

जायच्या सकाळी त्या अंगणात आल्या. "पाय," म्हणाल्या, "मिरग लागला का टोपली काढून टाकजो, नाही तं पोट्टे अंदरच राहतीन. मंग लक्ष ठेव. कावळे येतीन. निंगाले का नाल्याकडे जातीन, तू उचलू नको. त्याइले वाट माहीत राहते. तू फक्त कावळ्याले हाकल."

मला त्यांचे पाय धरायचे होते. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. तोंडातून आलं, "चहा घेता?"

"घेतो ना," त्या म्हणाल्या.

मी आत धावले. डोळे भरले होते, गडबडीत चहा केला, गाळला, आणून दिला. त्यांनी निवांत प्यायला. मग कप उलटा करून पाहिला. तेव्हा मी पाहिलं. सवयीनं माझा हात कोनाड्याकडेच गेला होता. तुटका कान त्यांच्या अंगठ्याखाली होता. त्यांनी तो कप विसळला, कोनाड्यात ठेवला, माझ्या डोक्यावरून उलटा हात फिरवला आणि गेल्या.

मृग कोरडा गेला. मी टोपली काढली आणि पाट टाकून अंगणात बसू लागले. स्वयंपाक उरकला की बाहेर, हे घरी असले तरी बाहेर. हे म्हणायचे, "सुले, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी त्या ताटाएवढ्या जमिनीकडे बघत बसायचे. इतकी एकटी मी कधीच नव्हते. आता कुंपणापलीकडे कोणीच नव्हतं. मनात यायचं, काहीच निघालं नाही तर? मग मी तिकडे काय कळवू?

जुलैत चार दिवस संततधार लागली. पाचव्या दिवशी सकाळी उघडीप होती. मी पाट टाकला आणि पाहिलं, त्या जागेच्या मधोमध बोटभर भोक. माझी नजर खिळली. भोकातून चिखलानं माखलेलं एक डोकं वर आलं, त्याच्यावर पिवळसर रेघा. मग पाय. मग पाणीपुरीच्या पुरीएवढं सबंध कासव. ते थांबलं, इकडंतिकडं मान फिरवली आणि नाल्याच्या दिशेनं चालू लागलं. त्याच्यामागं दुसरं.

मी नळाकडे धावले. अनवाणी, पदर सुटलेला. "या! सगळ्या या! बघा!" असं मी जन्मात ओरडले नव्हते. त्या आल्या. मंदाकाकूही आल्या, चष्मा पुसत. कुंपणापर्यंत ओळ लागली होती. मी काठीनं कावळे हाकलत होते आणि रडत होते.

"अगंबाई," मंदाकाकू म्हणाल्या, "खरंच की."

"तुम्हीच सब्बल आणली होती," मी म्हणाले. मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सब्बल मी आणली गं. पण तो शब्द तर तूच काढला होता ना नळावर?"

काठी माझ्या हातात तशीच राहिली. त्या वस्तीत कौतिकाबाईंविषयी मंदाकाकू जे काही बोलल्या असतील ते बोलल्या, पण करणी हा शब्द माझाच. मग मी तिथंच, त्याच बायकांना, ते वाक्य सांगितलं. "मी त्यांना काही पुरताना पाहिलं नव्हतं. मी खोटं बोलले."  एक म्हणाली, "आता सांगून काय फायदा? बुढी तर गेली."

मी पत्र लिहिलं. सहावीपर्यंतचं माझं अक्षर, दोन रात्री लागल्या. सगळं लिहिलं, माफी मागितली. जावयाच्या गावाचा पत्ता त्यांच्या खोलीच्या मालकाकडून घेतला. महिन्यानं उत्तर आलं, नातीच्या हातचं, शाईचे डाग पडलेलं.

"आजी सांगून राहिली ते लिहिते. पोट्टे किती निंगाले ते तू लिहिलंच नाही. मोजले का नाही? कावळ्यानं नेले का? माफीचं वाचून दाखवलं. पण मले वाचता येत नाही, तं कागदावरच्या माफीचं मी काय करू? नळावर बोलली तशी अठी आमच्या विहिरीवर येऊन बोल. चार बाया राहतातच. चहा मी करीन. आमच्या घरी कप सारे सारखेच हायेत."

पत्र आलं त्याच आठवड्यात यांच्या बदलीचा हुकूम आला. आम्ही भुसावळला गेलो. मग मुलं, त्यांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण. हे सगळं खरं आहे, आणि जायचं टाळायला पुरेसंही आहे. यांना पास मिळतो. नागपूरपर्यंत मोठी गाडी, तिथून भिवापूरला छोटी. एवढंच अंतर, आणि मी बारा वर्षं ते कापलेलं नाही. कारण एकच. आता त्या पंच्याहत्तरीच्या आसपास असतील. तिथं उतरले आणि कोणी सांगितलं की त्या नाहीत, तर मी काय करू?

हे लिहितानाही कुंपणापलीकडून हाक येते. पायलं का? नाही ना? मंग?

तेव्हा, कौतिकाबाई, हा कागद तुमच्यासाठी नाही. कागदाचं तुम्ही काय करणार? हा माझ्यासाठी, मला मागं फिरता येऊ नये म्हणून. यंदा दसऱ्यानंतर मी पास काढायला सांगितला आहे. तुमच्या गावच्या विहिरीवर, चार बाया असतील तेव्हा, नळावर बोलले त्याच तोंडानं सांगेन. तुम्ही नसलात तरी सांगेन, तुमच्या मुलीसमोर, नातीसमोर. मग तुमच्या घरचा चहा पिईन आणि कप उलटा करून पाहीन.

आणि हो, अकरा. अकरा निघाली होती. कावळ्यानं एकही नेलं नाही.